रास बदलली म्हणे! मग साखरपुड्याचं काय?

प्रिय ताई,

आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगी सत्तावीस वर्षांची, इथेच आयटीत नोकरीला आहे. ठाण्याचं, नौपाड्यातलं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं. पत्रिका त्यांच्याच गुरुजींनी पाहिली. चोवीस गुण जुळले, मंगळ नाही, नाडी वेगळी. मुलीची रास सिंह. बैठक झाली, मार्गशीर्षातली तारीख धरून साखरपुड्याच्या हॉलला आगाऊ पैसे भरले. मधे एकदा मुलांनी लग्नानंतर घणसोलीत भाड्याने राहायचं काढलं, दोघांची ऑफिसं इकडेच आहेत म्हणून. विहीणबाई जरा नाराज झाल्या, पण ते मिटलं.

मागच्या आठवड्यात दोन्ही घरांच्या ग्रुपवर मुलाच्या मावशीने एक फॉरवर्ड टाकला. नासाने राशी बदलल्या, आता बारा नाहीत, तेरा. तेरावी भुजंगधारी, ३० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर. माझ्या मुलीचा जन्म डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला. मावशींनी खाली लिहिलं, "म्हणजे आपल्या सूनबाई आता या राशीच्या का?" आमच्या यांनी हसण्याच्या इमोजीसह उत्तर दिलं, "मग नागपंचमीला माहेरी पाठवू नका." दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन. हातात साप धरलेली रास, मनात शंका नको, दुसऱ्या गुरुजींकडून पुन्हा पत्रिका जुळवून घेऊ, तोवर साखरपुडा थांबवू. मावशी म्हणतात, त्र्यंबकेश्वरला जाऊन शांत करून घेतली तर उत्तमच.

मुलगी भडकली आहे. म्हणते, "आज ही रास नको, उद्या दुसरा फॉरवर्ड आला की काय नको म्हणतील?" मुलगा म्हणतो, "आईचं एकदा समाधान होऊ दे ना, काय फरक पडतो?" आमचे हे सगळं हसण्यावारी नेतात. मला मात्र झोप नाही. खरंच राशी बदलल्या का? पत्रिका पुन्हा जुळवायची का? विहीणबाईंना काय सांगू? आणि मी रोज पेपरात वृषभ वाचते, तीही बदलली का?

– एक आई, ऐरोली

नमस्कार.

पत्रिका पुन्हा जुळवू नका. शांत तर मुळीच करू नका. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं उत्तर लांबणार आहे आणि तोवर तुमच्याकडून कुणाला तरी "बरं, बघू" असं म्हटलं जायला नको.

आता राशींचं. नासाने काहीही बदललेलं नाही. नासाचं लहान मुलांसाठी खगोलशास्त्राचं एक संकेतस्थळ आहे. त्यावर राशींच्या तारकासमूहांची माहिती देताना त्यांनी लिहिलं की सूर्य वर्षभरात बारा नव्हे, तेरा तारकासमूहांतून जाताना दिसतो. २०१६ मध्ये कुणीतरी ते उचललं आणि "नासाने राशी बदलल्या" म्हणून जगभर फिरवलं. नासाने तेव्हाच खुलासा केला की आम्ही राशी बदलल्या नाहीत, नुसतं गणित मांडलं. फलज्योतिष हा आमचा विषयच नाही, असंही सांगितलं. २०२० मध्ये तीच बातमी पुन्हा फिरली. त्याआधी २०११ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिनियापोलिसचे खगोलशास्त्राचे एक शिक्षक, पार्क कंकल, तिथल्या वर्तमानपत्राशी याच विषयावर बोलले होते आणि असाच गहजब झाला होता. अंगावर आपल्या राशीचं चित्र गोंदवून घेतलेले लोक विचारत होते, आता हे पुसायचं कसं? म्हणजे तुमच्या ग्रुपवर जे आलं ते ताजं नाही, दर चारपाच वर्षांनी उकळून पुन्हा वाढलेलं आहे.

तेराव्या तारकासमूहाचा शोधही आत्ता लागलेला नाही. टॉलेमी या जुन्या खगोलशास्त्रज्ञाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात जी ४८ तारकासमूहांची यादी केली तिच्यात भुजंगधारी आहे. त्याच्याही आधी बॅबिलोनच्या लोकांनी सूर्याच्या वाटेचे बारा सारखे भाग पाडले, वर्षाचे महिने बारा म्हणून. तारकासमूह काही मोजून मापून बसलेले नसतात. १९२८ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने आकाशाची ८८ भागांत वाटणी केली आणि सीमा आखून दिल्या. त्या सीमांप्रमाणे सूर्य कन्येत जवळपास दीड महिना असतो आणि वृश्चिकेत जेमतेम आठवडाभर. वृश्चिकेतून निघाला की धनूत शिरण्याआधी अडीचेक आठवडे भुजंगधारीत. फॉरवर्डमधल्या तारखा इथूनच आल्या. तारखा बरोबर आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

गंमत पाहा. तुमच्या मुलीचा जन्म डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला. इंग्रजी मासिकातल्या भविष्याप्रमाणे ती धनू. आपल्या पंचांगाप्रमाणे त्या दिवसांत सूर्य वृश्चिकेत असतो, तो साधारण १६ डिसेंबरला धनूत जातो आणि आपला धनुर्मास सुरू होतो. आणि आकाशात प्रत्यक्ष सूर्यामागे कुठला तारकासमूह आहे म्हणाल तर भुजंगधारी. एकाच दिवशी, एकाच सूर्याचे तीन पत्ते. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण तिघे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पाश्चात्त्य ज्योतिषी मेषेची सुरुवात वसंतसंपातापासून धरतात, म्हणजे २०-२१ मार्चला दिवस-रात्र समान होतात तिथून. तिथून तीस-तीस अंशांचे बारा तुकडे, मागे तारे कुठलेही असोत. त्यामुळे २०११ मध्ये तिकडचे ज्योतिषीसुद्धा हेच म्हणत होते की आमचं काही बिघडलेलं नाही.

आणि तुमच्या मुलीच्या पत्रिकेशी या तिन्हींचाही संबंध नाही!

आपल्याकडे जन्मरास म्हणजे चंद्राची रास. जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता ते पाहायचं. चंद्राची फेरी सुमारे सव्वासत्तावीस दिवसांत पूर्ण होते, एका राशीत तो साधारण सव्वादोन दिवस असतो आणि एका नक्षत्रात एक दिवसाच्या आसपास. तुमची मुलगी सिंह राशीची आहे, ती जन्मली तेव्हा चंद्र सिंहेत होता म्हणून. महिना डिसेंबर होता की जून, याने त्यात काही फरक पडत नाही. गुणमेलनातली छत्तीस गुणांची आठ कूटं, वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट आणि नाडी, सगळी चंद्राच्या राशी-नक्षत्रांवरूनच काढतात. सूर्य कुठे होता हे तिथे कुणी विचारतच नाही. विहीणबाईंच्या गुरुजींनी जे चोवीस गुण काढले त्यात डिसेंबरची तारीख फक्त चंद्र शोधण्यापुरती वापरली गेली. म्हणजे फॉरवर्ड खरा मानला, अगदी नासाने शिक्का मारून दिला असं धरून चाललो, तरी चोवीसाचे तेवीस होत नाहीत.

साप धरलेल्या राशीची भीती वाटते, त्याबद्दलही एक सांगण्यासारखं आहे. ग्रीकांनी त्या ताऱ्यांत पाहिलेला माणूस म्हणजे त्यांचा वैद्य, अस्क्लेपियस. मेलेल्यांनाही उठवायचा अशी त्याची ख्याती. दवाखान्यांच्या बोधचिन्हात काठीला वेटोळं घातलेला साप असतो ना, ती काठी त्याची. शिवाय ठाण्यात राहून, कोपिनेश्वराला बेल वाहून, गळ्यातल्या नागाचं भय वाटत नसेल तर आकाशातल्या नागाचं का वाटावं? हे विहीणबाईंना ऐकवा असं मात्र मी म्हणत नाही. हे तुमच्यासाठी आहे, तुमचं मन हलकं व्हावं म्हणून.

आता थोडं गंभीर. राशी सरकतात का, हा प्रश्न नासाने काढलेला नाही, तो आपल्या घरचा आहे आणि फार जुना आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळे वसंतसंपात ताऱ्यांच्या मानाने दर ७२ वर्षांनी एक अंश मागे सरकतो. एक पूर्ण फेरी व्हायला जवळपास २६ हजार वर्षं लागतात. ताऱ्यांना धरून मोजलं की निरयन, संपाताला धरून मोजलं की सायन. दोन्हींतलं अंतर म्हणजे अयनांश, आज तो २४ अंशांहून थोडा जास्त आहे. आपली बहुतेक पंचांगं निरयन, म्हणून आपल्याकडे सूर्य मेषेत येतो तो १४ एप्रिलच्या सुमारास, तिकडच्यापेक्षा चांगले चोवीस दिवस उशिरा.

हे सरकणं तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे, फक्त त्याला राशी बदलणं म्हटलं नाही. लहानपणी संक्रांत म्हणजे १४ जानेवारी हे पाठ होतं, आता बऱ्याच वर्षी १५ ला येते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख १२ जानेवारी १८६३. ठाण्याचेच पंचांगकर्ते दा. कृ. सोमण गेली कित्येक वर्षं संक्रांत जवळ आली की वर्तमानपत्रांतून हे समजावून सांगत आले आहेत. तारीख सरकली म्हणून तिळगूळ वाटायचा कुणी थांबला नाही.

शिवाय निरयनवाल्यांचंही आपसात एकमत नाही. मोजणी नेमकी कुठल्या ताऱ्यापासून धरायची यावर महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी केवढे वाद झाले! लोकमान्य टिळकांनी रेवतीचा एक तारा धरला, दुसरा पक्ष चित्रेच्या बाजूचा. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९५२ मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर त्या समितीवर होते. तिने चित्रापक्षाचा अयनांश स्वीकारला, आज लाहिरी अयनांश म्हणतात तो हाच. १९५७ च्या २२ मार्चपासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली ती याच समितीच्या शिफारशीवरून. तरीही टिळक पंचांग चालू राहिलं. ते मानणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा पडतो आणि गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी येतो. कोकणातल्या माणसांना हे नवं नाही.

हा इतिहास सांगितला त्याला कारण आहे. या दोन पक्षांत साधारण चार अंशांचं अंतर आहे. चंद्राला तेवढं चालायला सातेक तास लागतात. म्हणजे कुणाचा जन्म चंद्राच्या रास बदलण्याच्या आगेमागे झाला असेल तर एका पंचांगाने तो कर्केचा आणि दुसऱ्याने सिंहेचा निघू शकतो. नक्षत्र छोटं, त्यामुळे ते तर आणखी सहज बदलतं. मोबाइलवर पत्रिका काढणाऱ्या अॅपमध्येही अयनांश निवडायचे तीनचार पर्याय असतात, बोट चुकलं की उत्तर वेगळं. म्हणून "दुसऱ्या गुरुजींना दाखवू" हे वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. दुसरे गुरुजी वेगळ्या पंचांगाने चालणारे असले तर अगदी प्रामाणिकपणे चोवीसाऐवजी सतरा सांगतील. मग तिसरे गुरुजी. कुणाचं खरं धरायचं? ज्यांनी एकदा पाहिलं, आणि जे मुलाकडच्यांनीच निवडले होते, त्यांचं. या व्यवहाराला कुठेतरी टेकू हवा, तो तिथे द्या.

माझं स्वतःचं मत तुम्ही विचारलेलं नाही, तरी लपवत नाही. पत्रिकेवरून माणसाचं काही कळतं यावर माझा विश्वास नाही. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची एक चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या, आणि कुठली पत्रिका कुठल्या मुलाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून उत्तरं लिहिली असती तर पन्नासच्या आसपास आली असती. पण हे सांगून तुमचा प्रश्न सुटत नाही हे मला कळतं. तुम्हाला उद्या नौपाड्यात जाऊन बसायचं आहे, तिथे चाचणीचे आकडे उपयोगाचे नाहीत.

तर आता तुमच्या पत्राकडे येऊ. त्यात एक वाक्य तुम्ही भरकन लिहून पुढे गेलात. मुलं घणसोलीत राहायचं म्हणाली, विहीणबाई नाराज झाल्या, "पण ते मिटलं". कसं मिटलं? कोण काय बोललं? काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मला वाटतं ते मिटलेलं नाही, फक्त त्यावर बोलणं बंद झालं आहे. एकुलता असो वा नसो, लग्न होताच मुलगा खाडीपलीकडे भाड्याच्या घरात जाणार, हे नौपाड्यातल्या जुन्या घरातल्या आईला सहज गिळता येत नाही. आणि ते तोंडाने म्हणायची सोयही नाही. "मुलगा माझ्याजवळ राहावा" म्हटलं तर जुनाट ठरतात. "रास शंकास्पद आहे" म्हटलं की कुणी काही बोलू शकत नाही.

हा माझा अंदाज आहे, मी त्या बाईंना ओळखत नाही. खरोखरच घाबरल्याही असतील. त्यांच्या बहिणीने सगळ्यांसमोर प्रश्न टाकला, त्यावर तुमच्या यजमानांनी त्यांची थट्टा केली, आता माघार घेतली तर बहिणीपुढे कमीपणा. घरातल्या मोठ्या बहिणीचा शब्द मोडणं अवघड असतं, ते तुम्हालाही माहीत असेल. कारण काहीही असो, करायचं तेच आहे.

पहिलं, ग्रुपवर यापुढे अक्षर लिहू नका. मी वर लिहिलेलं नासाचं खरंखोटं तिथे चिकटवायचा मोह होईल, तो आवरा. चारचौघांत चूक दाखवली की माणूस त्या चुकीला घट्ट धरतो. यजमानांना म्हणावं, विहीणबाईंना फोन करा आणि "माझी थट्टा जागेवर नव्हती" एवढं म्हणा, पुढे स्पष्टीकरण नको. नागपंचमीचा विनोद मला आवडला, हे त्यांना सांगू नका.

दुसरं, तुम्ही स्वतः जा. फोनवर हे होणार नाही. ऐरोलीहून ठाणे काही लांब नाही. यजमान नकोत, मुलगी नको, मावशी तिथे नसतील अशी वेळ बघा, दुपारची. राशीचं आधी काढू नका. घणसोलीचं काढा. म्हणा, "मुलांचं तिकडे राहायचं ठरलं तेव्हा तुमच्याशी नीट बोलणं राहून गेलं. तुमच्या मनात काय आहे ते मला ऐकायचं आहे." मग गप्प बसा. खरंच गप्प बसा, हे सगळ्यात कठीण आहे. त्या रडल्या तरी घणसोलीचा निर्णय बदलण्याचं आश्वासन देऊ नका, तो तुमचा नाही, मुलांचा आहे. पण शनिवार-रविवार, सणवार, त्यांची तब्येत, यावर बोलता येईल. बऱ्याचदा तेवढंच हवं असतं.

राशीचा विषय त्या काढतील. तेव्हा सांगा, "आपल्या पत्रिकेत चंद्र पाहतात, फॉरवर्ड सूर्याचा आहे. शंका असेल तर ज्या गुरुजींनी पाहिली त्यांनाच विचारा, त्यांच्या शब्दाबाहेर आम्ही नाही." गुरुजींचा मान राहतो, विहीणबाईंचा राहतो, आणि पंचांग जाणणारा कुठलाही माणूस दोन मिनिटांत सांगेल की या बातमीचा गुणमेलनाशी संबंध नाही. पुन्हा जुळवणी मात्र नाही. यावर मऊ आवाजात पण ठाम राहा.

शांतीबद्दल थोडं कडक लिहिते. कालसर्प म्हणा, नागबळी म्हणा, मावशींच्या मनात जे काही असेल ते, खर्च कोणीही करो, नाही म्हणा. पैशाचा प्रश्न नाही. ती शांत झाली की तुमच्या मुलीत दोष होता आणि तो काढावा लागला, हे दोन्ही घरांनी मान्य केल्यासारखं होतं. पुढे सासूला ताप आला, मुलाची नोकरी डळमळली, मूल व्हायला वेळ लागला, की कुणीतरी म्हणणार, शांत नीट झाली नव्हती. लग्नाआधी मुलीच्या कपाळावर लागलेला हा शिक्का नंतर पुसायला फार जीव जातो. एरवी मी तडजोडीच्या बाजूची आहे, इथे नाही.

आता मुलीचं. ती भडकली आहे असं तुम्ही लिहिता, मला तर ती सगळ्यांत शहाणी दिसते. "उद्या दुसरा फॉरवर्ड आला की?" हा प्रश्न तिने तुम्हाला विचारला, पण त्याचं उत्तर मुलाने द्यायचं आहे. "आईचं समाधान होऊ दे, काय फरक पडतो" हे उत्तर नव्हे. त्याला फरक पडत नाही, कारण शंका त्याच्यावर घेतलेली नाही. तिने त्याला भेटून सरळ विचारावं की तू आईशी बोलणार आहेस की नाही. तलावपाळीला एक फेरी मारत बोला, मेसेजवर नको. भाड्याने वेगळं राहायचा निर्णय दोघांचा होता, मग तो आईला समजावण्याचं काम त्याचं आहे, तुमचं त्यानंतरचं. तो गेला, बोलला, थोडा ओरडा खाल्ला, तर बाकीचं निभावेल. तो "तूच थोडं घे समजून" म्हणत राहिला, तर साखरपुडा पुढे ढकलायला माझी हरकत नाही. पण मग तो तुमच्या बाजूने ढकला, आणि राशीचं नाव न घेता.

मुलगी मोडते म्हणाली तर तिला "लोक काय म्हणतील" ऐकवू नका. तिचं ऐकून घ्या. कदाचित दोन दिवसांनी ती स्वतःच निवळेल. नाही निवळली तरी हॉलचे पैसे बुडाले, एवढंच नुकसान.

राहता राहिली तुमची वृषभ. पेपरातल्या भविष्यात राशीसमोर तारखा छापल्या असतील तर ते सूर्यावरून, तारखा नसतील तर बहुधा चंद्रावरून. तुमची वृषभ पत्रिकेतली असेल तर ती जागच्या जागी आहे, कुणी हलवलेली नाही. २०२५ च्या मार्चअखेरीस शनी आपल्या पंचांगाप्रमाणे मीनेत गेला आणि मकरवाल्यांची साडेसाती संपली म्हणून सगळीकडे आनंद झाला. पाश्चात्त्य गणिताने तोच शनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात मेषेत पोचला होता. एकाच ग्रहाची दोन घरं, आणि दोन्हीकडचे लोक आपापलं वाचून चहा पीत होते. तुम्हीही प्या. वृषभवाल्यांना आज धनलाभ लिहिला असेल तर मला कळवा.

आणि नौपाड्याला जायच्या आधी हॉलवाल्याला फोन करा. तारीख बदलायची झाली तर तो किती दिवस आधी सांगायला लावतो आणि आगाऊ भरलेल्यातले किती परत देतो, ते विचारून घ्या. पावतीच्या मागे अटी छापलेल्या असतात, त्याही चष्मा लावून वाचा. तेवढे दिवस तुमच्या हातात आहेत, मुलाला त्याच्या आईशी बोलायलाही तेवढेच द्या.